आईच्या पायातलं नाणं

पेलिकन नेक, जॉर्जिया
१६ सप्टेंबर १९७४

चि. थॅडियस यास ओझेलाताईचे आशीर्वाद. (सवयीने लिहिले गेले. खोडणार होते, पण कागद एकच उरलाय.)

पत्र लिहिण्यास कारण की, आईच्या पायातलं नाणं कुठे आहे?

आधी तुझी खुशाली विचारावी, बर्नडीनच्या गुडघ्याचं विचारावं आणि मग हळूच विषयाला हात घालावा असं ठरवलं होतं. पण कोळंबीच्या शेडमधून घरी आल्यापासून डोकं भणभणतंय. आता गोड बोलणं जमायचं नाही.

ऑगस्टात तू आलास, आठवडाभर राहिलास, भेंडी-खेकड्याचं कालवण दोनदोनदा वाढून घेतलंस. रोज संध्याकाळी आईचे पाय मांडीवर घेऊन मलम चोळत बसायचास. सगळी गल्ली म्हणायची, पोरगा क्लीव्हलँडला पोस्टात एवढा साहेब, पण आईच्या पायाशी बसायला लाजत नाही. मीही फुशारकीने मान डोलावत होते. आता कळलं पाय कशाला चोळत होतास ते.

तू गेलास त्याच रात्री आई म्हणाली, हे माझं नाणं नव्हे. तुला माहीत आहे, झोपण्यापूर्वी प्रार्थना म्हणताना ती घोट्याजवळच्या नाण्यावर अंगठा फिरवते. बाबांनी रुळावर ठेवून खिळ्याने पाडलेलं ते भोक. खिळा जिकडून बाहेर आला तिकडची कड उचललेली होती, ती अंगठ्याला लागायची. या नाण्याच्या भोकाची कड गुळगुळीत. मी म्हटलं, आई, एक्क्याऐंशीव्या वर्षी अंगठाही म्हातारा होतो. ती हट्टाने तेच म्हणत राहिली, मी हट्टाने नाही म्हणत राहिले. शेवटी पाद्रीबाबांना सांगून आले की आईचं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही. हे सगळं तुझ्यामुळे माझ्या तोंडून गेलं, थॅडियस.

मग ते नाणं काळं पडलं. काळं पडलं म्हणजे काय हे तुला मी सांगायला नको. कोणीतरी आपलं वाईट करतंय. मी ते राखेने घासलं आणि पाद्रीबाबांच्या भिंगाखाली धरलं. १९४३! आईचं १९१६ चं होतं. सुईणीने तेव्हा बजावून सांगितलं होतं, चांदीचं नाणं लीप वर्षाचंच हवं, बाकीची नुसती शोभेची. तू आयुष्यभर भिंग लावून नाण्यांवरची सालं वाचतोस, आणि त्रेचाळीस साल लीप नसतं एवढंही तुला दिसलं नाही? चोरी करायची तर निदान धड करावी माणसाने.

आता मुद्द्याचं. आईच्या पोटातली गाठ वाढली आहे. सव्हानाचे डॉक्टर म्हणतात, १८ ऑक्टोबरला कापून काढू, त्यानंतर उशीर झाला तर हात लावणार नाही. ऑगस्टापर्यंत आई तयार होती. आता म्हणते, माझं नाणं पायात नसेल तर मी उंबरा ओलांडणार नाही. डॉक्टरांच्या हातापाया पडून मी कबूल करून घेतलंय की नाणं पायाला चिकटपट्टीने बांधलेलं चालेल. तेव्हा ते रजिस्टरने पाठव. रजिस्टर कसं करतात हे पोस्टातल्या माणसाला शिकवत नाही.

लोभ आहे तेवढा आहे. वाढवण्याची विनंती यंदा करवत नाही.

तुझी ओझेलाताई


क्लीव्हलँड
२२ सप्टेंबर १९७४

ती. ओझेलाताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र दारातच उभ्याने वाचलं. बर्नडीनने कोणाचं म्हणून विचारलं तर खिशात घातलं.

हो, मी घेतलं. चोरलं म्हणू नकोस. चांदीच्या जागी चांदी ठेवली, नाण्याच्या जागी नाणं ठेवलं. नाण्यावर तीच टोपीला पंख असलेली बाई, तेवढंच वजन. आईला फरक कळणार नाही असं वाटलं, तिथे चुकलो.

माझा तो निळ्या पुठ्ठ्याचा अल्बम तू पाहिला आहेस. प्रत्येक सालाला आणि प्रत्येक टांकसाळीला एक गोल खाच. लग्नाच्या आधीपासून मी त्या खाचा भरतो आहे. शुक्रवारी बँकेतून डाइमच्या, दहा सेंटच्या नाण्यांच्या, गुंडाळ्या आणायच्या, जेवणाच्या टेबलावर फोडायच्या, उलटून पालटून बघायच्या आणि सोमवारी परत द्यायच्या. पुढे सरकारने डाइममधली चांदीच काढून टाकली आणि गुंडाळ्यांतून काही निघेनासं झालं. सगळ्या खाचा भरल्या, एक सोडून. १९१६ चं, पाठीवर बारीकसं डी अक्षर असलेलं, डेन्व्हरच्या टांकसाळीचं. त्या वर्षी तिथे फारच थोडी पाडली. ते विकत घ्यायची माझी ऐपत नव्हती. आणि ऑगस्टात एका संध्याकाळी मलम चोळता चोळता आईच्या पायातलं नाणं सहज उलटं केलं, तर पाठीवर डी! ताई, मी पाय दिव्याकडे वळवून पुन्हा पाहिलं. ज्याच्यासाठी मी गुंडाळ्या फोडत बसलो ते लहानपणापासून माझ्या डोळ्यांसमोर चालत होतं. निघायच्या दिवशी पाकिटातल्या एका जादा नाण्याला भोक पाडून ते त्याच्या जागी बांधलं.

आता तुझ्या काळ्या चांदीबद्दल. आईच्या मलमात गंधक आहे. गंधकाने चांदी काळी पडते, हे शाळेतलं पोर सांगेल. चेटूक नाही, करणी नाही, काही नाही. असल्या गोष्टींना कंटाळून मी ते गाव सोडलं. पोटात गाठ असलेली बाई नाण्यासाठी डॉक्टरला नाही म्हणते, तू तिच्या होला हो करतेस आणि गुन्हेगार मी! माझाही राग अनावर झालाय, तो लिहून ठेवतो.

आणखी एक. आमच्या नाण्यांच्या क्लबात आपल्या काळ्या लोकांतला मी एकटाच. नऊ वर्षं वर्गणी भरतो. गेल्या वर्षीच्या प्रदर्शनात मी स्वतःच्या टेबलापाशी उभा असताना एका गोऱ्या गृहस्थाने आपला कोट माझ्या हातात दिला, वर म्हणाला, दोन खुर्च्याही आण. मी आणल्या. यंदा काचेखाली माझा पूर्ण संच लागणार आहे, एकही खाच रिकामी नाही, खाली माझं नाव. प्रदर्शन १८ ऑक्टोबरलाच सुरू होतं. ते होऊन जाऊ दे, मग बोलू.

सोबत १९४४ चं नाणं पाठवतो. लीप वर्षाचं आहे, कधी बाजारात गेलेलं नाही, आरशासारखं चकचकीत. भोक पाडून दिलंय. आईच्या पायात ते बांध आणि तिला दवाखान्यात ने.

कळावे. लोभ कमी झाला असल्यास तो माझ्याकडून नव्हे.

तुझा थॅडियस


पेलिकन नेक
२७ सप्टेंबर १९७४

चि. थॅडियस,

आशीर्वाद या वेळी आठवणीने लिहिलेले नाहीत.

तुझं चकचकीत नाणं परत पाठवते आहे. आईने ते चिमटीत धरून फिरवलं आणि म्हणाली, देखणं आहे, पण याने आयुष्यात एक दिवसही काम केलेलं नाही. मग माझ्या हातावर ठेवून शेंगा सोलायला बसली.

तिचं नाणं काय काम करत होतं ते ऐक, तू विसरलेला दिसतोस. तुझे दात येत होते. रात्रभर रडायचास, सगळी वस्ती जागवायचास. सुईणीने सांगितलं म्हणून बाबांनी ते भोक पाडलं आणि दोऱ्यात ओवून तुझ्या गळ्यात बांधलं. वर्षभर तू ते चावलंस. तुमच्या क्लबातले पंडित नाणं किती झिजलंय ते भिंगाने मोजतात ना? त्यांना सांग, ही झीज थॅडियसच्या हिरड्यांची आहे. तुझे दात आले तेव्हा आईने ते स्वतःच्या पायात बांधलं. पुढे बाबा गेले, वादळात घराचं छप्पर गेलं, मी विधवा झाले, पण नाणं पायातच राहिलं. आईच्या हिशेबात आपण सगळे त्याच्यामुळे तगलो. खरं खोटं देव जाणे.

तो कोटाचा प्रकार वाचून मी हातातली बशी आपटली. तू खुर्च्या आणून का दिल्यास? त्याचा कोट जमिनीवर का टाकला नाहीस? तिथे मूग गिळून बसलास आणि इथे आईच्या घोट्यावरून नाणं सोडवून घेतलंस. वड्याचं तेल वांग्यावर काढतोस.

गंधकाचं म्हणशील तर असेल बाबा गंधक. माझाही चेटकावर फारसा विश्वास नाही. पण टेबलावर आडवं व्हायचंय ते तिला, ना तुला ना मला. ज्याचं पोट कापणार त्याने ठरवायचं, पायात काय बांधायचं ते. तिला दिवसेंदिवस जेवण जात नाही. काल दोन घास मक्याची लापशी खाल्ली आणि ताट सरकवलं. नाणं पाठव. आई बरी झाली की पुढच्या वर्षी काचेखाली ठेव, मी स्वतः तिच्याकडून मागून देईन.

उत्तर नको, नाणं हवं.

ओझेला


क्लीव्हलँड
२ ऑक्टोबर १९७४

ती. ओझेलावन्संना बर्नडीनचा सा. न. वि. वि.

तुमची दोन्ही पत्रं मी वाचली. वाचायला दिली नव्हती. पँट धुवायला टाकताना सापडली. नवऱ्याच्या खिशातलं वाचू नये म्हणतात, पण मग त्याने पँट स्वतः धुवावी.

मी समोर बसवून खरं विचारलं. वन्सं, नाणं आता तुम्हाला उपयोगी पडायचं नाही. इथे आल्या आल्या त्याने ते पिट्सबर्गला चांदीकाम करणाऱ्या एका माणसाकडे पाठवलं होतं. त्याने भोकात चांदी भरून ते बुजवलं आणि भोकाने खाल्लेलं अक्षर पुन्हा कोरून दिलं. तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा नाणं त्या अवस्थेत घरात होतं. तुम्हाला कळवायची त्याची छाती झाली नाही. सांगायला लाज वाटते, पण काम इतकं बेमालूम झालंय की मलाही भोक कुठे होतं ते दिसेना.

त्यांच्यात म्हणे भोक पडलेल्या नाण्याला कोणी विचारत नाही, आणि बुजवलेलं ठेवायचं तर तसं चिठ्ठीवर लिहावं लागतं, नाहीतर फसवणूक समजतात. मी विचारलं, लिहिणार आहेस का? तर म्हणाला, बघू. या घरात ‘बघू’ म्हणजे नाही.

मी म्हटलं, आण ते इकडे, मीच गिरमिटाने भोक पाडते. दुसऱ्या दिवशी त्याने अल्बम उचलला आणि ऑफिसच्या कपाटात कुलूप लावून ठेवला. तेव्हापासून मी त्याला थंड राजमा वाढते आणि बोलत नाही. तो दुष्ट नाही हो. त्या कोटाच्या दिवशी घरी येऊन अंधारात बसून राहिला होता, मी दिवा लावला तर ओरडला. पण सासूबाईंच्या पोटात गाठ आणि हा चांदीत भोकं बुजवतोय, हे माझ्याने बघवत नाही.

सासूबाईंना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

आपली बर्नडीन


पेलिकन नेक
७ ऑक्टोबर १९७४

थॅडियस,

बर्नडीनचं पत्र मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. मधली दोन वाक्यं गाळणार होते, पण जीभ थांबली नाही. मग तुला उद्देशून जे काही म्हणाले ते या कागदावर मावणार नाही, आणि मी चर्चमध्ये गाते, म्हणून लिहितही नाही. आईने हात वर करून मला गप्प केलं. म्हणाली, पेन घे, मी सांगते तसं लिही, तुझं काही घालू नकोस. पुढचा शब्द न् शब्द तिचा.

चि. थॅडियस यास आईचे आशीर्वाद. मी रागावले म्हणून आशीर्वाद आटत नाहीत.

मला वाचता येत नाही, म्हणून तुला वाटलं मला कळतही नाही. नवा पूल झाला त्या वर्षी सव्हानाचा एक नाणेवाला आपल्या दारात आला होता. कोणीतरी त्याला सांगितलं असावं. माझ्या पायाशी गुडघे टेकून त्याने भिंगातून बघितलं आणि घाम पुसला. भोक आहे तरी घेतो म्हणाला, आणि नवी चूल देऊ केली, वर तिच्यासोबत फ्रिज. मी त्याला म्हटलं, उठ, माझ्या पायाशी माझी पोरं बसतात. तो गेला. तेव्हाच मला कळलं की माझ्या पायात काय आहे, आणि तेव्हाच मी ठरवलं ते कोणाचं.

तुझं. नाणी गोळा करणारा माझ्या पोटचा एकच आहे. मी पाद्रीबाबांना सांगून ठेवलं होतं, मला शवपेटीत ठेवाल तेव्हा नाणं कोणी काढायचं नाही. थॅडियस येईल, तो स्वतःच्या हाताने सोडवील आणि घेऊन जाईल. भोकासकट. तुला तेवढा धीर धरवला नाही. मेलेल्या पायातून सुखाने घ्यायचं ते तू जिवंत पायातून काढलंस. माझा राग त्याचा आहे. जेवण जात नाही ते गाठीमुळे नाही, ओझेलाला उगाच वाटतं. तुझ्या नावाने घास अडतो.

आणि भोक बुजवलंस म्हणे. तुझे बाबा गाडीवरची पाळी संपवून आले होते, दोन रात्री झोपलेले नव्हते. तू रडत होतास. बूटही न काढता ते कंदील घेऊन रुळावर गेले आणि एका घावात ते भोक पाडलं. दुसरा घाव घातला असता तर नाणं फाटलं असतं. परक्या माणसाला पैसे देऊन तू बापाचा घाव बुजवलास.

आता मला ते नको. ठेव तुझ्याजवळ, काचेखाली लाव नाहीतर गिळ. पण मी उघड्या पायाने जायची नाही. माझा पहारेकरी तू नेलास, तर पहाऱ्याला तू ये. १८ तारखेला दवाखान्यात माझ्या पायाशी. तू आलास तर मी जाईन, नाही आलास तर जाणार नाही. त्या दिवशी तुझी जत्रा आहे हे ओझेलाने मला सांगितलंय. मला माहीत असूनच बोलावते आहे.

आई

(थॅडियस, मी ओझेला. नाणं तुझ्यासाठी ठेवलं होतं हे मलाही आजच कळलं. लिहिताना पेन दोनदा खाली ठेवावं लागलं. तिकडची बस १६ तारखेला, बुधवारी सकाळी सुटते.)


सव्हाना
१९ ऑक्टोबर १९७४

सौ. बर्नडीन हिस अनेक आशीर्वाद. आधी सांगतो, आई आहे.

निघताना तू दार लावून घेतलंस, डबाही दिला नाहीस, ते योग्यच केलंस. जाण्याआधी क्लबात जाऊन सांगून आलो की माझा संच लागणार नाही. चिटणीस म्हणाला, बरं झालं, जागा कमीच पडत होती. काच दुसऱ्याला देऊन त्याने वहीत माझ्या नावावर रेघ मारली. अख्खा केंटकी जाईपर्यंत मी रागाने धुमसत होतो. त्याच्यावर, ताईवर, तुझ्या राजम्यावर, आईवर. माझ्याच आईने मला जत्रेच्या दिवशी बोलावून घ्यावं! जॉर्जियाची हद्द लागली तेव्हा शिव्या द्यायला मी सोडून कोणी उरलं नव्हतं.

ताई स्टँडवर आली होती. उकडलेल्या शेंगांची पुडी माझ्या हातात कोंबली आणि तोंड फिरवून पुढे चालू लागली. मी मागून बॅग घेऊन.

आईने मला आशीर्वाद दिला नाही की कसा आहेस विचारलं नाही. चादरीतून नुसता पाय बाहेर काढला. बर्नडीन, घोट्यावर दोऱ्याची फिकट रेघ पडली आहे आणि जिथे नाणं टेकायचं तिथे गोल खळगा झालाय. पन्नास वर्षांचा. माझा अंगठा त्यात बरोबर बसला. मला तिथेच रडू कोसळलं. आई म्हणाली, रडायला बोलावलेलं नाही.

काल सकाळी तिला आत नेताना मी घोटा धरून चालत होतो. दारापाशी परिचारिकेने मला थांबवलं, पुढे यायचं नाही म्हणाली. आई त्या ढकलगाडीवर उठून बसली. सगळे घाबरले. मला म्हणाली, इथे दारात उभा राहा, आणि बसायचं नाही, पहारेकरी बसत नसतो. मग आपणहून आडवी झाली. मी उभा राहिलो. एका डॉक्टरने खुर्ची आणून दिली, ती ताईने घेतली. ताई म्हणाली, तुला नाही, तुला आईने सांगितलंय ना. या खेपेतलं तिचं माझ्याशी पहिलं बोलणं ते.

गाठ पूर्ण निघाली. मोठे डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने बाई खंबीर आहे, पुढचं आठवडाभरात कळेल. नाणं माझ्या खिशात आहे. कोणी विचारलं नाही, मीही काढलं नाही.

आज पहाटे आई शुद्धीवर आली. डोळे मिटलेलेच होते. पाय जरा हलवला आणि विचारलं, कोण आहे? मी म्हटलं, मी. मग म्हणाली, हात केवढा जड आहे तुझा. मी उचलायला गेलो तर पाय ताठ केला. म्हणाली, माझा राग गेलेला नाही, हात काढू नकोस.

म्हणून हे डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षर लावून घे.

तुझा थॅडियस